घाट बांधला, झाडणार कोण?

इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. स्वच्छ शहरांच्या यादीत २०१७पासून इंदूरचं नाव वर राहिलं, त्यात घराघरांतल्या या वर्गवारीचा मोठा वाटा आहे. पण त्या कप्प्यात आणि भंगारवाल्यांच्या गोदामांत जाऊन पडणारे सगळेच कॉम्प्युटर मेलेले नसतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्यामुळे २०१७च्या आधी घेतलेला जवळजवळ प्रत्येक डेस्कटॉप एका दिवसात ‘जुना’ ठरला. शाळांच्या लॅब, पतपेढ्या, सीएंची ऑफिसं, रामबागेतल्या घराघरांतले कॉम्प्युटर, सगळीकडे हेच. यंत्र काल चालत होतं, आजही चालतं.

‘मग लिनक्स टाका’ हे उत्तर सिल्व्हर मॉलमधला कॉम्प्युटरचा दुकानदारसुद्धा देतो. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी खुली ऑपरेटिंग सिस्टीम, जिचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, कुणालाही बघता-बदलता येतो. उत्तर बरोबर आहे. ते किती काळ बरोबर राहील, हे मात्र ज्या एका भागावर ठरतं त्याची चर्चा कुणी करत नाही. तो भाग म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या चिपला चालवणारा प्रोग्राम. त्याची देखभाल हे पाणीपुरवठ्यासारखं सार्वजनिक काम आहे आणि त्यातला आपला वाटा आपल्यासारख्या शहरांनी उचलायला हवा, असं या लेखाचं म्हणणं आहे.

ग्राफिक्सच का? हार्ड डिस्कसाठी एएचसीआय नावाचा ठरलेला करार आहे, कंट्रोलर कुणाचाही असो, कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला, तोच ड्रायव्हर चालतो. पेनड्राइव्ह, कीबोर्ड, माउस यांचंही तसंच. ग्राफिक्स चिपसाठी असा करारच नाही. प्रत्येक कंपनीचे रजिस्टर, म्हणजे चिपला हुकूम देण्याचे कप्पे, वेगळे, आणि त्याच कंपनीच्या पुढच्या पिढीत ते पुन्हा बदलतात. सगळ्यांना सारखं मिळतं ते एवढंच, की बूट होताना फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला प्रोग्राम) पडद्यासाठी मेमरीचा एक साधा तुकडा आखून देतं. त्यावर चित्र दिसतं, पण ते काढायचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं. व्हिडिओ अडखळतो, लॅपटॉपचा प्रकाश कमी-जास्त होत नाही, प्रोजेक्टर जोडला तर दुसरा पडदा मिळत नाही, झाकण मिटून उघडलं की यंत्र बहुधा जागं होत नाही. लोक म्हणतात, ‘लिनक्स स्लो आहे.’ वास्तविक तिथे ड्रायव्हरच चालू नसतो.

एकच वर्ष आणि एकच कंपनी घेऊन फरक बघण्यासारखा आहे. २०११मध्ये इंटेलने सँडी ब्रिज प्रोसेसर आणले. त्यातलं ग्राफिक्स इंटेलचं स्वतःचं होतं, ड्रायव्हर कर्नलमध्ये खुला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस छोट्या नेटबुकांसाठी सीडर ट्रेल मालिकेचे ॲटम आले. त्यांतला ग्राफिक्सचा गाभा पॉवरव्हीआरचा, म्हणजे बाहेरून परवान्याने घेतलेला. त्याच्या ३डी भागाची कागदपत्रं खुली झाली नाहीत. आज सँडी ब्रिजवर नवं लिनक्स टाकलं तर डेस्कटॉप नीट चालतो. त्या नेटबुकांसाठी कर्नलमध्ये जीएमए५०० नावाचा ड्रायव्हर आहे, पण तो पडद्यावर चित्र आणण्यापलीकडे काही करत नाही. सिलिकॉन दोन्हींतलं शाबूत आहे.

आणि सँडी ब्रिजसुद्धा आपोआप जगला नाही. ग्राफिक्सचा अर्धा भाग कर्नलमध्ये असतो, अर्धा बाहेर मेसा नावाच्या प्रकल्पात. मार्च २०२२च्या २२.० आवृत्तीत मेसाने आपले जुन्या धाटणीचे ड्रायव्हर काढून टाकले. इंटेलच्या जुन्या चिप ज्यावर चालत तो आय९६५ही त्यांत होता. या चिप वाचल्या, कारण त्याआधीच, २०२१मध्ये, डेव्ह एअरली यांनी त्यांच्यासाठी क्रोकस हा नवा ड्रायव्हर मेसात आणून ठेवला होता. २००६च्या ९६५ चिपसेटपासून २०१३च्या हॅसवेलपर्यंतची यंत्रं त्यावर चालतात. त्या यंत्रांतून कुठल्याही कंपनीला आता नवा पैसा मिळणार नव्हता. तरी कुणीतरी बसून ते काम केलं, म्हणून आपल्या शाळेतला कॉम्प्युटर आज चालतो.

ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय काम, हे पाहिल्याशिवाय देखभालीचा खर्च कळत नाही. मॉनिटर जोडला की कर्नल त्याला केबलमधल्या दोन बारीक तारांवरून विचारतो, तू कोण? मॉनिटर १२८ बाइटचा एक तक्ता परत देतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. सगळ्या बाइटची बेरीज २५६ने भागून बाकी शून्य आली पाहिजे, नाहीतर तक्ता बाद. मग १९२०×१०८० हवं असेल तर ड्रायव्हरला प्रत्यक्षात २२००×११२५चा चौकोन आखावा लागतो, कारण ओळीच्या आणि चित्राच्या कडेला कोरी जागा सोडायची असते. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे गुणाकार १४ कोटी ८५ लाख, म्हणजेच १४८.५ मेगाहर्ट्झचं घड्याळ. चिपमधल्या पीएलएल या घड्याळ बनवणाऱ्या भागाला योग्य भाजक देऊन हे घड्याळ जमवायचं. ते फार चुकलं तर मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ दाखवतो. एवढ्या एका चित्राला मेमरी लागते ८२,९४,४०० बाइट. लॅबमध्ये स्वस्तातला व्हीजीए स्प्लिटर लावलेला असतो, त्यात त्या दोन बारीक तारा पुढे नेलेल्याच नसतात. ईडीआयडी येत नाही, कर्नल सुरक्षित म्हणून १०२४×७६८वर थांबतो आणि दोष ऑपरेटिंग सिस्टीमच्या माथी बसतो. अशा वेळी केबल बदलावी, नाहीतर बूटच्या ओळीत त्या कनेक्टरचं नाव घालून आकार सक्तीने सांगावा.

हा झाला सोपा भाग. याशिवाय मेमरीचं वाटप, कामांची रांग, एका कामाने दुसऱ्यासाठी थांबणं, वीज वाचवणं, झोपणं-उठणं, अडकलेली चिप रीसेट करणं हे सगळं ड्रायव्हरकडेच असतं. लिनक्समधला, एएमडीच्या ग्राफिक्स चिप चालवणारा एएमडीजीपीयू हा एकटा ड्रायव्हर पन्नास लाख ओळींच्या घरात गेलाय. त्यातल्या बहुतेक ओळी यंत्राने तयार केलेल्या रजिस्टरांच्या याद्या आहेत, हे खरं. उरलेला भागही लहान नाही.

आता देखभाल. लिनक्सच्या कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांशी केलेला करार मोडायचा नाही, हा तिथला कडक नियम. कर्नलच्या आतले करार मात्र हवे तेव्हा बदलतात. उदाहरणार्थ, मेमरीच्या एखाद्या पट्ट्याचे व्हीएम-फ्लॅग, म्हणजे तो कसा वापरायचा ते सांगणाऱ्या खुणा, ड्रायव्हर पूर्वी थेट लिहीत असत. ६.३ आवृत्तीपासून ते ठरावीक फंक्शनमधूनच बदलावे लागतात. ज्याने हा बदल केला त्यानेच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर सुधारून दिले. कर्नलच्या बाहेर ठेवलेला ड्रायव्हर मात्र त्या दिवसापासून कंपाइल होईना, म्हणजे स्रोतापासून चालणारा प्रोग्राम बनेना. एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांसाठीची ३९० ही ड्रायव्हरची शाखा २०२२च्या अखेरीस थांबली. तिचा स्रोत कंपनीकडे, त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलबरोबर वरवरची पट्टी मारत बसायचं काम वितरणांच्या, म्हणजे डेबियनसारख्या तयार लिनक्सच्या, स्वयंसेवकांवर आलं. पर्याय नूव्हो, हा कर्नलमधला खुला ड्रायव्हर. त्यावर कार्ड चालतं, पण बरीचशी कार्डं बूटच्या वेळच्या मंद घड्याळावरच अडकून राहतात.

‘आतले करार कायमचे ठरवून टाका, म्हणजे हा त्रासच संपेल’ असं अनेक जाणते लोक म्हणतात. हे मत हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लिनक्सच्या बाहेर हे ड्रायव्हर नेणाऱ्यांना तर या बदलांचा जाच रोजचा आहे. तरीही ते पटत नाही. करार गोठवला की जुना बंद ड्रायव्हर काही वर्षं चालेल, पण त्यातलं सुरक्षेचं भोक बुजवणार कोण? स्रोत नसेल तर ते भोकही कराराबरोबर गोठतं. ड्रायव्हर कर्नलच्या आत असला आणि त्याला नाव लावलेला माणूस असला, तर करार बदलले तरी यंत्र चालत राहतं.

त्या ‘नाव लावलेल्या माणसा’ची नोंद कर्नलमध्येच असते. ‘मेंटेनर्स’ नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक ड्रायव्हरपुढे त्याची अवस्था लिहिलेली असते. ‘सपोर्टेड’ म्हणजे या कामाचे कुणाला तरी पैसे मिळतात. ‘मेंटेन्ड’ म्हणजे माणूस आहे, पण पगाराची हमी नाही. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे कधीमधी कुणी डोकावतं. त्यानंतर ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ. सरकारी खरेदी करणाऱ्या प्रत्येकाने ही फाइल एकदा उघडून बघावी. आपण विकत घेतलेल्या वस्तूचं आयुष्य तिथे एका शब्दात लिहिलेलं असतं. अनाथ ड्रायव्हर लगेच जात नाही, काही वर्षं नुसता कंपाइल होत राहतो, मग एक दिवस काढून टाकतात. एप्रिल २०२३च्या ६.३मध्ये आय८१०, एमजीए, आर१२८, सॅव्हेज, एसआयएस, टीडीएफएक्स, व्हिया हे डीआरएममधले, म्हणजे कर्नलच्या ग्राफिक्स विभागातले, जुने ड्रायव्हर असेच गेले. ते जाणं योग्यच होतं. ती कार्डं पंचवीस वर्षांपूर्वीची, आणि त्या ड्रायव्हरांची जुनी रचना सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याची. सगळंच वाचवावं, असं इथे म्हणायचं नाही. पेंटियम ४ आणि त्यावरचं वेगळं कार्ड यांत वीज आणि माणूस दोन्ही फुकट जातात. २०११पासूनचं, ६४ बिटचं, ४ जीबी रॅम घालता येणारं यंत्र ही व्यवहार्य रेघ आहे.

लिनक्सच्या बाहेरचं चित्र पाहिलं की देखभालीची किंमत आणखी उघडी पडते. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी या तिन्ही स्वतंत्र, खुल्या सिस्टीम आहेत. ग्राफिक्स ड्रायव्हर मात्र त्या लिनक्समधूनच आणतात, कारण एवढं काम पुन्हा पहिल्यापासून करणं कुणालाच शक्य नाही. लिनक्स जीपीएल या कडक अटींच्या परवान्याखाली असलं, तरी त्यातल्या डीआरएम विभागाचा मोठा भाग एमआयटी या सैल परवान्याखाली आहे, म्हणून हे जमतं.

नेटबीएसडी ९.० फेब्रुवारी २०२०मध्ये आलं, त्यातले ड्रायव्हर लिनक्स ४.४चे होते, म्हणजे जानेवारी २०१६चे. १०.० आलं मार्च २०२४मध्ये, ड्रायव्हर लिनक्स ५.६चे, मार्च २०२०चे. दोन्ही वेळा बाहेर पडण्याच्या दिवशीच ड्रायव्हर चार वर्षं मागे. ओपनबीएसडी ७.३ (एप्रिल २०२३) मात्र लिनक्स ६.१वर होतं, ७.५ (एप्रिल २०२४) ६.६वर आणि ७.७ (एप्रिल २०२५) ६.१२वर. या तिन्ही वेळा अंतर पाच-सहा महिन्यांपलीकडे गेलं नाही. नेटबीएसडीच्या लोकांची हुशारी कमी नाही, त्यांच्याकडे या कामाला सलग बसणारे हात कमी आहेत. आणि काम साचलं की नुसतं वाढत नाही, त्याची जातच बदलते. वर्षाभराचा बदल आणताना काही बिघडलं तर कुठल्या पायरीवर बिघडलं ते शोधता येतं. चार वर्षांचा ढीग एकदम ओतला की मधल्या पायऱ्या कंपाइलच होत नाहीत. बिघाड दिसतो, पण तो कुठून आला ते कळत नाही.

पोर्टिंगचं, म्हणजे ड्रायव्हर दुसऱ्या सिस्टीमवर नेण्याचं, प्रत्यक्ष काम कसं चालतं? फ्रीबीएसडीत लिनक्स-केपीआय नावाचा थर आहे. लिनक्सच्या ड्रायव्हरला वाटावं की आपण लिनक्समध्येच आहोत, अशी ती व्यवस्था. पोर्ट करणारा लिनक्सची एक दीर्घकालीन शाखा निवडतो, ५.१०, ५.१५, ६.१, ६.६ अशी, तिच्यापर्यंतचे बदल क्रमाने आणतो, कंपाइल करतो, न सापडलेल्या फंक्शनांची यादी काढतो आणि ती फंक्शनं या थरात नव्याने लिहितो. नाव जुळवणं सोपं, वागणूक जुळवणं अवघड. लिनक्सचा स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत जागीच फिरत थांबायला लावणारं कुलूप) फ्रीबीएसडीत म्युटेक्स या साध्या कुलपावर बसवावा लागतो, कारण तिथे इंटरप्टचं, म्हणजे उपकरणाने मारलेल्या हाकेचं, काम वेगळ्या थ्रेडमध्ये चालतं. लिनक्समधल्या आरसीयू या पद्धतीचं वचन असं, की वाचणारा कुलूप लावणार नाही आणि जुनी वस्तू सगळ्यांचं वाचन संपल्यावरच मोडीत काढली जाईल. हे वचन पोर्टमध्ये एका ठिकाणी जरी सैल पडलं तरी मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली जाते. यंत्र दोन-तीन दिवस उत्तम चालतं आणि एका संध्याकाळी काही न सांगता गोठतं.

वेळेचं गणितही असंच फसवतं. ओपनबीएसडीत कर्नलच्या घड्याळाची एक टिक १० मिलिसेकंदांची. लिनक्सच्या लेखकाने ‘एक मिलिसेकंद थांब’ लिहिलं असेल तर इथे त्याचे दहा होतात, आणि ते शेकडो वेळा आलं की पडदा उजळायला नजरेला जाणवेल इतका उशीर लागतो. उलट बाजूला, लॅपटॉपचं पॅनेल बंद करून पुन्हा चालू करण्याआधी अर्धा सेकंद थांबणं सक्तीचं असतं. ते थांबणं चुकून कमी झालं तर दहापैकी नऊ वेळा काही होत नाही, दहाव्या वेळी पडदा काळा. मेमरीची जात चुकली, म्हणजे लिहिलेलं साठवून एकत्र पाठवायच्या ऐवजी प्रत्येक चार बाइट वेगळे पाठवले, तर चित्र बरोबर येतं, पण खिडकी सरकवताना ती ओढत नेल्यासारखी दिसते. एक्स८६वर, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर, प्रोसेसर आणि उपकरण यांची मेमरी आपोआप जुळलेली राहते, म्हणून जुळवणीची विसरलेली ओळ तिथे लपून जाते. तोच कोड एआरएमच्या, म्हणजे मोबाइलमधल्या जातीच्या प्रोसेसरच्या, बोर्डवर नेला की चित्रात शिळ्या पट्ट्या दिसायला लागतात.

फ्रीबीएसडी वापरणाऱ्याला रोज छळणारी चूक याहून साधी आहे. ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला वेगळा जोडायचा तुकडा) ज्या कर्नलसाठी बांधलं त्याच कर्नलवर ते लागलं पाहिजे. सिस्टीम १४.१वरून १४.२वर नेली आणि पॅकेज जुन्यावर बांधलेलं राहिलं, तर बूट होताहोता यंत्र कोसळतं. उपाय असा: बूटच्या मेनूतून सिंगल-यूजर निवडायचं, रूट फाइलसिस्टीम लिहिण्यायोग्य करायची, आरसी-कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधली मॉड्यूल लावणारी ओळ बंद करायची, यंत्र साध्या पडद्यावर उठवायचं, चालू कर्नलच्याच आवृत्तीचा स्रोत आणून मॉड्यूल पोर्ट्स या फ्रीबीएसडीच्या संग्रहातून पुन्हा बांधायचं आणि मगच ओळ चालू करायची. ती ओळ लोडर-कॉन्फमध्ये टाकू नये, तिथे ग्राफिक्सचं मॉड्यूल फार लवकर लागतं. वापरकर्त्याला ‘व्हिडिओ’ गटात घालायलाही लोक विसरतात, मग ड्रायव्हर लागूनही काम प्रोसेसरवरच चालतं. फर्मवेअरची फाइल वेगळी आणावी लागते, ती ड्रायव्हरच्या आवृत्तीला जुळणारी हवी. इंटेलमध्ये वीज वाचवणारं डीएमसी फर्मवेअर नसलं तर पडदा चालतो, बॅटरी मात्र लवकर उतरते. एएमडीमध्ये फर्मवेअर नसलं तर ड्रायव्हर उभाच राहत नाही.

बिघाड शोधणं ही या कामाची खरी मेहनत आहे, आणि इथेच इंदूरसारख्या शहराला करण्यासारखं काही आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर मेला की बिघाडाचा संदेश दाखवणारा पडदाही त्याच्याबरोबर जातो. लिनक्स ६.१०पासून काही ड्रायव्हरांवर कोसळतानाचा संदेश पडद्यावर येतो, ६.१२पासून तो क्यूआर कोडमध्येही मिळतो, पण जुन्या यंत्रांवर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. ऑफिसांतल्या जुन्या डेस्कटॉपवर मागे बहुधा सीरियल पोर्ट असतो. नल-मोडेम केबल (दोन कॉम्प्युटर थेट जोडणारी) लावून १,१५,२०० बॉडच्या वेगाने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला की शेवटचा शब्दही हाती लागतो. लॅपटॉपला तो नसतो, तिथे नेटकन्सोल, म्हणजे संदेश नेटवर्कवरून पाठवणारा मार्ग, वापरायचा, तोही तारेच्या नेटवर्कवर. वायफायवर तो चालत नाही.

त्यानंतर बायसेक्ट. दोन आवृत्त्यांमध्ये साधारण १४,००० बदल असतात. दर वेळी निम्मे करत गेलं की चौदा पायऱ्यांत दोषी बदल सापडतो. चौदा वेळा कर्नल बांधायचा, चौदा वेळा बूट करायचं, चौदा वेळा तीच चाचणी घ्यायची. जुन्या आय३वर वितरणाचा पूर्ण कर्नल बांधायला तासन्‌तास जातात, म्हणून तो वेगवान यंत्रावर बांधावा आणि त्या यंत्रात खरंच लागलेली मॉड्यूलं तेवढीच घ्यावीत. बिघाड नक्की पडद्याचाच असेल तर शोध डीआरएमच्या फोल्डरपुरता मर्यादित ठेवावा, पायऱ्या बऱ्याच कमी होतात. एक धोका असतो. दहातून एकदाच दिसणारा बिघाड एका बूटमध्ये दिसला नाही म्हणून पायरीवर ‘चांगली’ असा शिक्का मारला, तर पुढचा सगळा शोध खोट्या वाटेने जातो. अशा बिघाडाला प्रत्येक पायरीवर तीस-चाळीस वेळा झोपवून उठवावं लागतं.

या कामाला हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागते, शिवाय ते यंत्र समोर असावं लागतं. मोठ्या कंपन्यांच्या चाचणीशाळांत नवी यंत्रं असतात, दहा-बारा वर्षांपूर्वीची क्वचित. ती आपल्या लॅबमध्ये रांगेने पडलेली आहेत. पॅच, म्हणजे कोडातली दुरुस्ती, लिहायला आता एआयचीही मदत मिळते. पण हॅसवेलवर तो पॅच चालतो का, याचं उत्तर हॅसवेल असलेल्या टेबलावरच मिळतं.

या शहरात देखभालीचा विचार नवा नाही. होळकरांच्या कारभारात दौलत, म्हणजे राज्याचा पैसा, वेगळी आणि खासगी, म्हणजे घराण्याची मिळकत, वेगळी. अहिल्याबाईंनी देशभर मंदिरं, घाट, विहिरी, धर्मशाळा उभारल्या त्या खासगीतून, आणि उभारून थांबल्या नाहीत. पूजेची, अन्नछत्राची, निगेची वर्षासनं लावून दिली. घाट बांधणाऱ्याचं नाव शिळेवर कोरतात, पण दर पावसाळ्यानंतर गाळ काढायला कुणीतरी लागतोच, आणि त्याचा पगार आधीच बाजूला काढलेला असावा लागतो. आपल्याकडे संगणकाच्या बाबतीत उलट चाललंय. ‘स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम’ची घोषणा होते, नवं नाव, नवं बोधचिन्ह येतं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस हे डेबियन या लिनक्सवर उभं आहे, म्हणजे आतला कर्नल आणि त्यातले ग्राफिक्स ड्रायव्हर तेच, जगभराच्या कष्टाचे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मग पैसा आणि माणसं त्या ड्रायव्हरांकडेही जायला हवीत. खुलं सॉफ्टवेअर वापरावं असं भारत सरकारचं धोरण २०१५पासून आहे. वापरण्याबरोबर त्याची निगा राखणंही आलंच. बाहेर हे कळू लागलंय. फ्रीबीएसडी फाउंडेशन आणि क्वांटम लीप रिसर्च यांनी लॅपटॉप नीट चालावेत म्हणून साडेसात लाख डॉलर बाजूला काढले, त्यात ग्राफिक्सही आहे. भारतात झेरोधाने ऑक्टोबर २०२४मध्ये खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला.

इंदुरात इंजिनिअरिंगची कॉलेजं भरपूर आहेत. दरवर्षी शेवटच्या वर्षाला हजेरीचं ॲप आणि लायब्ररीचं सॉफ्टवेअर नव्याने लिहिलं जातं, गुण मिळतात आणि ते फोल्डरमध्ये पडून राहतं. त्याऐवजी कर्नलमध्ये स्वीकारला गेलेला एक पॅच किंवा नीट बायसेक्ट करून कळवलेला एक बिघाड, याला प्रोजेक्टचा दर्जा द्यावा. गुण स्वीकृतीवर देऊ नयेत, कारण ती विद्यार्थ्याच्या हातात नसते. केलेल्या चाचणीवर आणि परीक्षकांना दिलेल्या उत्तरांवर द्यावेत. सुरुवात कुठून करायची तेही तयार आहे. कर्नलच्या कागदपत्रांतच ग्राफिक्सच्या उरलेल्या कामांची यादी आहे आणि कामापुढे ‘स्टार्टर’, ‘इंटरमीजिएट’ अशी त्याची पातळी लिहिलेली आहे. व्हीकेएमएस नावाचा ड्रायव्हर तर नुसता काल्पनिक पडदा चालवतो, त्यावर शिकायला कार्डही लागत नाही. ब्राझीलमध्ये साओ पाउलो विद्यापीठात फ्लस्प हा विद्यार्थ्यांचा गट आहे. त्यातल्या मुलांनी कर्नलमध्ये पॅच पाठवले, पुढे काहींनी हेच व्यवसाय म्हणून धरलं. इंदूर-उज्जैनच्या मुलांत तेवढं बळ नक्की आहे.

खरेदी करणाऱ्यांनी निविदेत एक ओळ घालावी: ‘यंत्राचा ग्राफिक्स ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलच्या चालू दीर्घकालीन शाखेत असावा, कर्नलबाहेरचं मॉड्यूल लावावं लागू नये.’ आणि माल आल्यावर तो तपासावा. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवायचं, ग्राफिक्सची माहिती उघडायची. रेंडरर म्हणून ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर चित्र प्रोसेसर काढतोय, यंत्र परत. दुसरा मॉनिटर जोडून बघायचा. वीस वेळा झोपवून उठवायचं. एका यंत्राला अर्धा तास पुरतो.

कॉलेजने चाचणीची खोली उभारायची तर आठ जुनी यंत्रं पुरतात. प्रत्येकाला सीरियल केबल, दूरवरून वीज तोडता-जोडता येईल असा रिले, मॉनिटरच्या जागी एचडीएमआयचा डमी प्लग, आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारं एक चांगलं यंत्र. त्यावर रात्री नवा कर्नल बांधायचा, आठांवर बूट करायचा, आयजीटी या ग्राफिक्स ड्रायव्हरांसाठीच्या तयार चाचण्या चालवायच्या, सकाळी निकाल बघायचा. त्याआधीचं काम फक्त वही-पेनाचं आहे. लॅबमधल्या आणि भंगाराला निघालेल्या प्रत्येक यंत्राचा ग्राफिक्सचा पीसीआय क्रमांक, म्हणजे चिपची ओळख, लिहून काढायचा. ८०८६ म्हणजे इंटेल, पुढचे चार अंक चिपचे: ०१०२ सँडी ब्रिज, ०१५२ आयव्ही ब्रिज, ०४१२ हॅसवेल. एकाच क्रमांकाची दोन यंत्रं मिळाली तर एक खोलीत ठेवायचं आणि दुसरं शाळेत चालू द्यायचं, म्हणजे शाळेतलं बिघडलं की त्याचं भावंड तपासायला हाताशी राहील.